तांबड्या गाईचा मृत्युदाखला

मी सरकारी पशुवैद्य आहे. श्रीपेरुंबुदूरच्या पुढे एका गावात आमचा दवाखाना आहे. दोन खोल्या, बाहेर पत्र्याची शेड आणि शेडमध्ये जनावर अडकवून उभं करायचा लोखंडी खोडा. राहते चेन्नईत, गिंडीला. नवरा केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोकरीला आहे, मूळचा साताऱ्याकडचा. मी तंजावरची. आमच्या घरची जुनी मराठी ऐकून सासरची माणसं सुरुवातीला गालात हसायची. आता माझ्या तोंडात दोन्ही मराठी मिसळल्या आहेत आणि दिवसभर दवाखान्यात तर तमिळच.

आमच्या भागात कारखान्यांच्या भिंती संपतच नाहीत. पण दोन भिंतींच्या मधे अजून गावं आहेत, आणि गावांत अजून गाई आहेत. नवरा शिफ्टला जातो, बायको दोन गाई सांभाळते आणि सकाळ-संध्याकाळ दूध सोसायटीत घालते, असं पुष्कळ घरांचं चालतं. कंपनीच्या बसगाड्या रस्त्यात गाईंसाठी थांबतात. ड्रायव्हरांना त्याची सवय झाली आहे.

त्या वर्षीच्या वादळात दोन दिवस पाऊस थांबला नाही आणि गावच्या तलावाचा बांध एका अंगाने फुटला. माणसं वाचली, शाळेत जाऊन बसली. जनावरं मात्र गेली. काही दाव्याला बांधलेली होती ती जागच्या जागी बुडाली. काहींची दावी सोडली होती, ती वाहून गेली. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी मी कशीबशी तिथे पोचले, आणि पुढचे चार दिवस फक्त मेलेली जनावरं बघत फिरले.

दुभतं जनावर आपत्तीत दगावलं तर सरकार मालकाला मदत देतं. त्यासाठी व्हीएओचा, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला तलाठी म्हणतात त्याचा, पंचनामा लागतो. जनावराचा फोटो लागतो. आणि पशुवैद्याचा दाखला लागतो, की अमुक माणसाचं, कानात अमुक नंबरचा पिवळा बिल्ला असलेलं हे जनावर बुडून मेलं, मी स्वतः पाहिलं. त्या दाखल्यावर माझी सही आणि शिक्का. बाकी कागद कसेही असोत, त्या सहीशिवाय कुणाला काही मिळत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी इरुंगाट्टुकोट्टैच्या बाजूच्या एका कारखान्यातून निरोप आला, की कुंपणाला अडकून एक गाय पडली आहे, लवकर उचला. मी, आमचे सहायक आणि तलाठी असे तिघे गेलो. आमचे सहायक निवृत्तीला आलेले, तीस वर्षं याच कामात घालवलेले. मी त्यांना अण्णा म्हणते. आम्ही पोचलो तेव्हा गावातली एक बाई आधीच तिथे येऊन उभी होती. तिला मी ओळखत होते. पन्नाशीची, नवरा नाही, दोन गाई. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, मीही म्हणते. तिची एक गाय वाचली होती. दुसरी, तांबडी, कपाळावर पांढरा टिळा असलेली, सोडल्यावर पाण्यात गेली होती.

पडलेली गायही तांबडी होती. कपाळावर पांढरं होतं. अंग फुगलेलं, सगळीकडे चिखल वाळलेला, आणि बिल्ल्याच्या बाजूचा कान कुत्र्यांनी खाल्लेला. वास सहन होत नव्हता. अक्का तिच्या डोक्याशी बसली आणि रडायला लागली.

"अक्का, नक्की तुमचीच ना?" मी विचारलं.

"माझीच आहे, डॉक्टरम्मा. माझी मी ओळखणार नाही?"

मागे जेसीबी चालू होता. कारखान्याचा सुरक्षारक्षक दर मिनिटाला येऊन सांगत होता, की साहेब येणार आहेत, त्याआधी पुरून टाका. मी वाकून जनावर पाहिलं. दात पाहायला तोंड उघडणं शक्य नव्हतं. शिंग हातात धरलं. गाय व्याली की शिंगाच्या बुडाशी एक कडी उमटते, आणि त्या कड्यांवरून वेतं मोजता येतात. हे आम्ही कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकतो. अक्काच्या गाईचं दुसरं वेत चालू होतं. मला हे पक्कं ठाऊक होतं, कारण दोन्ही वेळा रेतन मीच केलं होतं. आणि माझ्या अंगठ्याखाली चार कड्या लागल्या, कदाचित पाच.

मी अंगठा पुन्हा फिरवला. मग मनात म्हटलं, चिखल असेल. खरवडून पाहिलं असतं तर अर्धं मिनिट लागलं असतं. मी पाहिलं नाही. सकाळपासूनची ती अकरावी जागा होती, माझे बूट पाण्याने भरले होते, अक्का रडत होती आणि जेसीबीवाला घड्याळ बघत होता. फोटो काढले, तलाठ्याने पंचनामा लिहिला, मी दाखल्यावर सही केली. बिल्ल्याचा नंबर माझ्या फोनमधल्या खात्याच्या ॲपवरच्या नोंदीवरून उतरवला आणि तिथेच त्या नंबरापुढे 'मृत' अशी खूण केली. जेसीबीने कुंपणाबाहेरच्या मोकळ्या जागेत खड्डा खणला.

घरी परतताना बसमध्ये माझा अंगठा मी पॅंटला पुसत होते. हे नंतर आठवलं.

दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यात एक म्हातारे आले. तलावाच्या पलीकडच्या वाडीवर राहणारे, सत्तरीच्या पुढचे, सगळे त्यांना तात्ता म्हणत, म्हणजे आजोबा. त्यांची एकच गाय होती आणि ती वाहून गेली होती.

"शव सापडलं का?" मी विचारलं.

"नाही अम्मा. मी सगळीकडे फिरलो. गुडघे चालतील तिथपर्यंत."

"शव नसेल तर मी दाखला देऊ शकत नाही, तात्ता. मी पाहिलं असं त्यात लिहावं लागतं."

"पण ती गेली हे सगळ्या वाडीने पाहिलं."

"ते तलाठ्याला सांगा. तो लिहून घेईल." मी हे म्हटलं खरं, पण तलाठी काय लिहील तेही मला ठाऊक होतं. त्याने 'शव आढळले नाही' असं लिहिलं आणि अर्ज बाजूला पडला.

तात्ता पुढच्या मंगळवारी पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. भांडायचे नाहीत. शेडमधल्या बाकावर बसायचे, माझं काम आटोपेपर्यंत थांबायचे आणि विचारायचे, "काही कळलं का, अम्मा?" तिसऱ्या खेपेला बोलता बोलता म्हणाले, "तांबडी होती. पाच वेळा व्याली, एकदाही अडली नाही."

मी औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होते. माझा हात थांबला. मी त्यांना खरं तर तेव्हाच विचारायला हवं होतं, की कपाळ कसं होतं, अंगावर काही खूण होती का. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. मी म्हटलं, "काही कळलं की सांगते." आणि त्यानंतर एकदोनदा मी मुद्दाम मंगळवारी गावभेटी लावून घेतल्या.

त्या वर्षी मदतीचे पैसे नेहमीपेक्षा लवकर आले. अक्का दवाखान्यात आली, हातात केळी घेऊन. तिच्या खात्यात रक्कम जमा झाली होती. गोठ्यावर नवे पत्रे घातले, म्हणाली, आणि उरलेल्यात थोडी भर घालून एक कालवड बघून ठेवली आहे. मी केळी घेतली नाहीत. नियम म्हणून घेत नाही असं सांगितलं, पण खरं कारण ते नव्हतं.

मग एके सकाळी दुसऱ्या दवाखान्यातल्या माझ्या सहकाऱ्याचा फोन आला. त्याचा भाग आमच्या खालच्या अंगाला, पाणी ज्या दिशेने गेलं त्या बाजूला. तिकडे खुरकुताची लस टोचायची फेरी चालू होती.

"एक गंमत सांगू का?" तो म्हणाला. "माझ्यासमोर एक गाय उभी आहे. कानातला नंबर टाकला, तर ती मेली आहे असं दाखवतंय. तुमच्या सहीने."

तो हसत होता. मग त्याला माझ्या गप्प राहण्यातून काहीतरी कळलं असावं, तो थांबला.

"पुराच्या वेळची नोंद आहे का?" त्याने हळू विचारलं.

"हो," मी म्हटलं. "कुणाला सांगू नका. मी येते."

हे 'कुणाला सांगू नका' माझ्या तोंडून आपोआप निघालं. इतकी वर्षं नोकरी करून मी पहिल्यांदा कुणाला असं सांगत होते.

अण्णांना घेऊन त्याच दुपारी गेले. एका घराच्या मागे, चिंचेखाली ती बांधली होती. त्या घरच्यांना ती पुरानंतर झुडपांत अडकलेली सापडली होती. त्यांनी ती सांभाळली, चारा घातला, दूधही काढलं, आणि कुणी मागायला आलं नाही म्हणून ठेवून घेतली. तांबडी, कपाळावर टिळा, कानात बिल्ला, नंबर तोच. मी शिंगाच्या बुडाशी हात लावला. दोन कड्या.

अण्णा मला बाजूला घेऊन गेले. त्यांच्या पिशवीत बिल्ले मारायचा चिमटा होता आणि कोऱ्या बिल्ल्यांचं पाकीट होतं.

"अम्मा, यात काही अवघड नाही," ते म्हणाले. "जुना कापून काढू. नवा मारू. नवीन नंबर म्हणजे नवीन गाय. अक्का म्हणेल, मदतीच्या पैशांतून विकत घेतली. कागद जुळतो. कुणाचं वाईट होत नाही."

"हे चालेल?"

"का नाही चालणार? तुमची पंधरा वर्षं नोकरी बाकी आहे. एका गाईपायी चौकशी लावून घेणार का?"

अण्णा वाईट माणूस नव्हेत. मला वाचवायला बघत होते. मी चिमटा हातात घेतला. नवा बिल्ला त्यात बसवलासुद्धा. गाय माझ्याकडे बघत रवंथ करत होती. कान धरला, तेव्हा तात्तांचं बाकावर बसणं डोळ्यांपुढे आलं. मेलेली गाय अक्काची नव्हती, तर ती कुणाची तरी होती. नवा बिल्ला मारला की ती कायमची कुणाचीच राहिली नसती.

मी चिमटा अण्णांच्या पिशवीत टाकला. "आज नको," एवढंच म्हटलं. नको म्हणायचं धाडस झालं नव्हतं, फक्त आज नको.

परतताना अक्काकडे गेले. गाय जिवंत आहे म्हटल्यावर तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले, डोळे भरून आले. "कुठे आहे? दूध देते का? वाळली तर नाही?" असं एकामागून एक विचारत सुटली. आणि मग हळूहळू तिचा चेहरा उतरला.

"मग ते पैसे?"

"ते बघावं लागेल, अक्का."

"मला पोलिसात नेतील?"

"नाही. तुम्ही मुद्दाम केलं नाही."

"मी म्हटलं ती माझी आहे. मला वाटलं म्हणून म्हटलं." ती पायरीवर बसली. "पण लिहिलंत तुम्ही, डॉक्टरम्मा. सही तुमची आहे. माझ्याकडून आता पैसे काढायला आलात तर मी कुठून आणू? पत्रे उपटून देऊ का?"

तिच्या नव्या पत्र्यांवर ऊन चमकत होतं. मी निघाले.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवत होता. त्याने ताट बाजूला सारलं.

"तुला शंका आली होती का तेव्हा?" त्याने विचारलं.

"चिखल होता," मी म्हटलं.

"मी ते विचारलं नाही."

"थोडी आली होती."

तो उठून हात धुऊन आला. मग म्हणाला, "लिहून दे. पण नीट लिही. ओळख पटवण्यात चूक झाली, एवढंच. जास्तीचं काही लिहू नकोस." तो सरकारी माणूस आहे, त्याला पत्रं कळतात. मला त्याचं म्हणणं पटलं, आणि त्यामुळे थोडा धीरही आला. पण लिहिण्याआधी मला एक गोष्ट नक्की करून घ्यायची होती.

पुढच्या दिवशी मी तात्तांच्या वाडीवर गेले. मंगळवार नव्हता. मला दारात बघून ते घाबरले. डॉक्टरीण घरी येते म्हणजे काहीतरी वाईट, असं त्यांना वाटलं असावं. त्यांची बायको आत भात वेळत होती. मी फोनमध्ये त्या दिवशीचे फोटो उघडले आणि म्हटलं, "हे बघवणार नाही, पण बघायला हवं."

तात्तांनी फोटो पाहिला आणि मान हलवली. त्यांना नीट दिसत नव्हतं. "असेल, नसेल. फुगलंय सगळं."

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. मी फोटो मोठा करून तिच्यापुढे धरला. तिने तो बोटाने सरकवला, मागच्या मांडीकडे नेला आणि थांबली. चिखल सुकून गळून पडला होता तिथे केस नसलेली एक अर्धगोल खूण दिसत होती. तो फोटो मीच काढला होता, पंचनाम्याला जोडला होता, पण त्याच्याकडे निरखून कधी पाहिलंच नव्हतं.

"हा डाग मी दिला होता," ती म्हणाली. "कालवड होती, पाय लंगडत होता. माझ्या बापाने सांगितलं म्हणून विळा तापवून लावला. नंतर दोन दिवस मी जेवले नाही."

तात्तांनी दारातली चप्पल पायाने ओढली.

"कुठे आहे ती?" त्यांनी विचारलं.

"पुरली. कारखान्याच्या कुंपणाबाहेर."

"दाखवाल?"

मी त्यांना आणि त्यांच्या बायकोला रिक्षात घेऊन गेले. त्या जागेवर आता खडी पसरली होती. कंपनीच्या तीन बसगाड्या तिथे उभ्या होत्या, शिफ्ट सुटायची वाट बघत. मला नेमकी जागा दाखवता येईना. कुंपणाच्या खांबावरून मी अंदाज केला आणि म्हटलं, "इथे असेल." म्हाताऱ्या बाईने खाली वाकून खडीला हात लावला. सुरक्षारक्षक पुढे आला, काय चाललंय विचारायला. तात्ता त्याला म्हणाले, "आमची गाय आहे इथे." तो माझ्याकडे बघत राहिला, मग परत गेला.

"तुम्हाला तेव्हाच कळलं नाही का, अम्मा?" रिक्षात तात्तांनी विचारलं. रागाने नव्हे. खरंच विचारत होते.

मी म्हटलं, "माझी चूक झाली, तात्ता." त्यांनी विचारलं होतं ते वेगळं होतं, आणि मी उत्तर वेगळं दिलं, हे आम्हा दोघांनाही कळलं.

त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. नवऱ्याने सांगितलं तसंच. पूरस्थितीत, शव चिखलाने माखलेले व कान नष्ट झालेला असल्याने ओळख पटवताना चूक झाली. संबंधित गाय जिवंत सापडली आहे, मृत जनावर दुसऱ्या मालकाचे असल्याचे आता दिसून आले आहे. एक प्रत तहसीलदारांना, एक आमच्या वरिष्ठांना. पाठवल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. उलट त्यानंतरचे दिवस जास्त वाईट गेले. तंजावरहून बाबांचा फोन आला तरी आधी वाटायचं की कचेरीतून आहे. एका जनावराला सुई देताना दोनदा नस चुकली, तेव्हा अण्णांनी सिरिंज माझ्या हातातून घेतली.

दीड महिन्याने बोलावणं आलं. तहसीलदार कचेरीच्या व्हरांड्यात मी पोचले तर अक्का आधीच बाकावर बसली होती. ती माझ्याशी बोलत नव्हती तेव्हा. मी तिच्या शेजारी बसले. पंखा नव्हता. बऱ्याच वेळाने ती समोर बघत म्हणाली, "माझीच्या पोटावर एक पांढरा ठिपका आहे. त्या दिवशी मला तो दिसला नव्हता."

मी तिच्याकडे पाहिलं.

"मला वाटलं चिखल असेल," ती म्हणाली.

मला तिला सांगावंसं वाटलं की मलाही तसंच वाटलं होतं. तेवढ्यात आत बोलावलं.

तहसीलदार बाई माझ्यापेक्षा वयाने लहान असतील. समोर माझं पत्र, दाखला, पंचनामा, फोटो, सगळं रांगेने मांडलेलं. त्यांनी आधी अक्काला विचारलं, मग मला. आवाज चढवला नाही. त्यामुळे मला जास्त भीती वाटत होती.

"डॉक्टर, इथे लिहिलंय की ओळख पटवताना चूक झाली. ती कशी झाली?"

"कान नव्हता. चिखल होता. मालकिणीने सांगितलं."

"त्या वेळी तुम्हाला शंका आली होती का?"

नवऱ्याने घरी विचारलेला तोच प्रश्न. पत्रात त्याचं उत्तर नव्हतं आणि मी नाही म्हटलं असतं तर ते खोटं आहे हे दाखवणारं त्या टेबलावर काहीही नव्हतं. शेजारी अक्का बोटांत पदर गुंडाळत होती.

"आली होती," मी म्हटलं. "शिंगावर चार-पाच कड्या होत्या. यांची गाय दुसऱ्या वेताची. मला ते माहीत होतं. मी चिखल खरवडून पाहिलं नाही."

"हे पत्रात नाही."

"नाही."

"मग आता लिहून द्या."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की शेवटी सही मलाच ओळखू येईना. अक्काने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यात राग नव्हता असं मला वाटलं, पण मी खात्रीने सांगू शकत नाही.

निर्णय यायला आणखी काही महिने लागले. मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या सेवापुस्तकात आहे आणि राहील. बढतीची यादी निघाली त्यात माझं नाव नव्हतं. ते ताकिदीमुळे की आणखी कशामुळे, मी विचारलं नाही. अक्काला रक्कम हप्त्यांनी परत करायची मुभा मिळाली. तिने बघून ठेवलेली कालवड घेतली नाही, पत्रे मात्र राहिले. गाय तिच्याकडे परत आली. सहा महिने ती दवाखान्यात आली नाही, गाईला काही झालं तर खासगी डॉक्टर बोलवायची. मग एकदा गाय आडवी पडली आणि खासगी डॉक्टर सापडेना, तेव्हा आली. आम्ही फक्त गाईबद्दल बोललो.

तात्तांचा अर्ज पुन्हा उघडला गेला. फोटो, बायकोचा जबाब, वाडीतल्या दोघांच्या सह्या आणि माझा नवा दाखला. पैसे पुढच्या पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, थोडं आधी आले. त्यांनी गाय घेतली नाही. गुडघे चालत नाहीत, म्हणाले, गाईमागे कोण धावणार. दोन शेळ्या घेतल्या. मंगळवारी ते अजूनही कधीकधी येतात, शेळ्यांच्या जंताचं औषध न्यायला.

गेल्या वर्षी नव्याने लागलेल्या पशुवैद्यांच्या प्रशिक्षणात आपत्तीच्या वेळचे दाखले या विषयावर बोलायला मला बोलावलं. बोलावणाऱ्यांना माझी ताकीद ठाऊक होती की नव्हती, कोण जाणे. मी नियम सांगितले, अर्ज दाखवले, आणि शेवटी हे सगळं सांगून टाकलं. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, ती गाय परत सापडली नसती तर?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तर मी आज तुम्हाला फक्त नियम सांगून गेले असते," मी म्हटलं.

तिने ते वहीत लिहून घेतलं. का लिहून घेतलं, मला कळलं नाही. मी पाणी प्यायले आणि पुढच्या तासाच्या सरांसाठी फळा पुसायला घेतला.